टी पेशी परकी ऊती ओळखते म्हणजे नेमकं काय करते

एखाद्या विषाणूशी शरीराची आधी कधी गाठ पडलेली नसेल, तर त्याच्या एका ठरावीक पेप्टाइडला (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) प्रतिसाद देऊ शकणाऱ्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, अंगात फार थोड्या असतात. लाखात एक, कधी दहा लाखांत एक. पण एचएलए (पेशींवरचे, माणसागणिक वेगळे असणारे रेणू) न जुळणाऱ्या दुसऱ्या माणसाची ऊती समोर आली, की एकूण टी पेशींपैकी १ ते १० टक्के पेशी तिला प्रतिसाद देऊ शकतात. हा फरक हजारो पटींचा आहे. शिवाय दुसऱ्याची किडनी किंवा कातडी शरीरात बसवली जाणं ही माणसाच्या इतिहासात अगदी कालची गोष्ट आहे. ज्या प्रसंगाला तोंड द्यायची वेळच कधी आली नाही, त्याच्यासाठी एवढी फौज आधीपासून तयार कशी?

'शरीर आपलं आणि परकं ओळखतं' एवढ्यावर बहुतेक ठिकाणी विषय संपवला जातो. मला ते उत्तर अपुरं वाटतं, कारण त्यातून हा हजारो पटींचा फरक सुटत नाही. टी पेशीकडे परकेपणा मोजण्याचं कोणतंही साधन नाही. ओळखीसाठी तिच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारचा रिसेप्टर (ग्राही रेणू) असतो आणि समोरचा पृष्ठभाग त्या रिसेप्टरला पुरेसा वेळ चिकटून राहतो की नाही, एवढंच तिला कळतं. बाकी सगळं यातूनच निघतं.

खाच आणि तिच्यातला तुकडा

टी पेशीला सुटं प्रथिन दिसत नाही. प्रथिनाचे पेशीच्या आत तुकडे होतात, ते एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत बसतात आणि तो रेणू त्यांना पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतो. माणसाच्या एमएचसीला एचएलए म्हणतात. त्याची जनुकं सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एकमेकांना लागून आहेत. वर्ग एकमध्ये ए, बी आणि सी, वर्ग दोनमध्ये डीआर, डीक्यू आणि डीपी. वर्ग एकचे रेणू केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात आणि ते सीडी८ टी पेशी (सीडी८ या रेणूची खूण असलेल्या, मारक पेशी) वाचतात. वर्ग दोनचे रेणू मुख्यतः डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना तुकडे दाखवणाऱ्या), मॅक्रोफेज (गिळणाऱ्या) आणि बी पेशींवर (अँटिबॉडी बनवणाऱ्या) असतात, ते सीडी४ टी पेशींसाठी, म्हणजे मदतनीस पेशींसाठी. माणसाच्या केशवाहिन्यांच्या अस्तरावरही वर्ग दोन सापडतं आणि इंटरफेरॉन-गॅमा हे टी पेशींचं निरोपाचं प्रथिन मिळालं की ते वाढतं. बसवलेल्या अवयवाचं रक्तवाहिन्यांचं अस्तर हे दात्याचंच असतं, म्हणून ही बाब लक्षात ठेवायला हवी.

वर्ग एकची खाच दोन्ही टोकांना बंद असते, शेंगेत दाणे बसावेत तसा पेप्टाइड तिच्यात बसतो. त्यामुळे लांबी साधारण ८ ते १० अमिनो आम्लांची. वर्ग दोनची खाच टोकांना उघडी असते, तिथे १३ ते २५ अमिनो आम्लांचा पेप्टाइड दोन्हीकडून बाहेर डोकावत राहू शकतो. खाचेच्या तळाशी काही खोबणी असतात आणि पेप्टाइडमधली ठरावीक अमिनो आम्लं त्यांत रुततात. माणसामाणसांतले एचएलएचे फरक बहुतेक याच भागात एकवटलेले आहेत, म्हणजे खाचेच्या तळात आणि दोन्ही काठांवर. तळातला फरक कुठला पेप्टाइड बसेल ते बदलतो, काठावरचा फरक टी पेशीला थेट लागतो. एचएलए-ए२ची ही रचना पामेला बियॉर्कमन, डॉन वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. त्याआधी १९७४ मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवून दिलं होतं, की विषाणूबाधित पेशी मारणारी टी पेशी विषाणूसोबत स्वतःच्याच एमएचसीची अट घालते. तोच विषाणू वेगळ्या एमएचसीच्या पेशीत असेल, तर ती टी पेशी तिला हात लावत नाही. या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्यावी. रिसेप्टर पेप्टाइड आणि एमएचसी यांच्या जोडीवर तिरका बसतो. त्याच्या संपर्काचा बराचसा भाग एमएचसीच्या काठांना लागतो आणि उरलेला पेप्टाइडच्या मधल्या उंचवट्याला. म्हणजे तो कायम दोन्ही गोष्टी एकत्र वाचतो.

थायमसमध्ये काय तपासलं जातं आणि काय राहून जातं

छातीतल्या थायमस या ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रत्येक टी पेशीचा रिसेप्टर जनुकांचे तुकडे स्वैर जोडून बनतो. कुठला रिसेप्टर कामाचा निघेल हे आधी कळायला मार्ग नसतो, म्हणून निवड नंतर होते. स्वतःच्या एमएचसीला जराही न चिकटणाऱ्या पेशी उपेक्षेने मरतात. स्वतःचं एमएचसी आणि स्वतःचा पेप्टाइड या जोडीला फार घट्ट चिकटणाऱ्या पेशींना मारलं जातं किंवा नियामक टी पेशींच्या (इतर पेशींना आवरणाऱ्या) वाटेला वळवलं जातं. इन्सुलिनसारखी एरवी फक्त एखाद्या अवयवात बनणारी प्रथिनंही थायमसमध्ये थोडी थोडी बनवून दाखवली जातात, ते काम मुख्यतः एअर नावाच्या प्रथिनाचं. या दोन्ही चाळण्यांतून पार पडणाऱ्या पेशी पाच टक्क्यांच्याही आत असतात.

आता या परीक्षेत काय नव्हतं ते पाहा. शेजारच्या माणसाचं एचएलए नव्हतं. बाहेर पडलेली प्रत्येक पेशी 'एमएचसीसारख्या आकाराला हलकीशी चिकटणारी' म्हणून निवडलेली असते. पण दुसऱ्याच्या एचएलएला घट्ट चिकटणारी पेशी काढून टाकायला तिथे कोणी बसलेलं नसतं. परकं एचएलए हे आपल्या एचएलएशी नव्वद टक्क्यांच्या आसपास सारखंच असतं, म्हणून रिसेप्टर त्याच्यावर बसू शकतो. आणि थोडं वेगळं असतं, म्हणून घट्ट बसणाऱ्यांची छाटणी झालेली नसते. टी पेशींची ती प्रचंड फौज या एका फटीतून येते. बेडकाची किंवा कोंबडीची ऊती खरं तर जास्त 'परकी', पण तिच्या एमएचसीवर आपल्या टी पेशींचा रिसेप्टर तितका चांगला बसत नाही. जितकं परकं तितका थेट प्रतिसाद मोठा, असं गणित मुळीच नाही.

दुसरं कारण संख्येचं आहे. विषाणूबाधित पेशीवरच्या एमएचसीच्या हजारो रेणूंपैकी मोजक्यांवरच विषाणूचा तो पेप्टाइड असतो. दात्याच्या पेशीवर मात्र त्या परक्या एचएलएचा प्रत्येक रेणू परका, आणि पेशीवर असे लाखभर रेणू. त्यांच्या खाचांत दात्याच्या पेशीतले हजारो वेगवेगळे पेप्टाइड, जे आपल्या थायमसने त्या चौकटीत कधी पाहिलेलेच नाहीत. एक एचएलए न जुळणं म्हणजे एकाच वेळी हजारो नवे लक्ष्यबिंदू. काही टी पेशी मुख्यतः काठांतला फरक पकडतात, त्यांना पेप्टाइड कुठला याने फारसं बिघडत नाही. काही अगदी एका पेप्टाइडवर अडून बसतात. दोन्ही प्रकार एकाच माणसात सापडतात, त्यामुळे यातलं एकच खरं मानणारी जुनी चर्चा मला निरर्थक वाटते.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण एलसी१३ नावाच्या टी पेशी क्लोनचं (एकाच पेशीपासून वाढवलेल्या वंशाचं). ती एपस्टीन-बार विषाणूच्या ईबीएनए-३ए या प्रथिनातला नऊ अमिनो आम्लांचा पेप्टाइड एचएलए-बी ०८:०१ या रेणूवर ओळखते. म्हणजे साध्या विषाणूविरोधी कामाची पेशी. पण हीच पेशी एचएलए-बी ४४:०२ असलेल्या दुसऱ्या माणसाच्या अगदी निरोगी पेशीही मारते. तिथे विषाणू नसतो. बी ४४:०२ च्या खाचेत माणसाच्याच एबीसीडी३ या प्रथिनातला नऊ आम्लांचा पेप्टाइड असतो. त्याचा आणि विषाणूच्या पेप्टाइडचा क्रम अगदीच वेगळा आहे, पण रिसेप्टर खाली बसला की समोर येणारा आकार जुळतो. गंमत पुढे आहे. बी ४४:०३ हा रेणू बी ४४:०२ पेक्षा एकाच जागी वेगळा, १५६ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ल्युसीन. ही जागा खाचेच्या आत आहे, रिसेप्टर तिला स्पर्शही करत नाही. तरी एलसी१३ बी ४४:०३ कडे ढुंकून बघत नाही. एचएलए तपासणीच्या अहवालात नुसतं 'बी४४' लिहिलेलं असेल तर हा फरक त्यात दिसणारच नाही. अस्थिमज्जेच्या रोपणात चार आकडी पातळीवर (नुसतं ४४ नव्हे, ४४:०२ असं) जुळणी पाहण्याचा आग्रह का धरतात, ते यावरून कळावं.

याचा एक व्यावहारिक परिणाम असा, की ज्या माणसाला कधी रक्त चढवलेलं नाही, गर्भारपण नाही, आधीचं रोपण नाही, त्याच्याकडेही दात्याविरुद्ध स्मृती टी पेशी असू शकतात. त्या जुन्या विषाणूंनी घडवलेल्या असतात. आणि स्मृती पेशींना कामाला लागायला फार कमी चिथावणी लागते.

तीन वाटा

अवयव बसवला की त्याच्याबरोबर दात्याच्या डेंड्रायटिक पेशीही येतात. त्या अवयवातून निघून रुग्णाच्या लसिका ग्रंथींत आणि प्लीहेत पोचतात आणि तिथे रुग्णाच्या टी पेशी दात्याचं अखंड एचएलए थेट वाचतात. ही थेट वाट. पहिल्या काही आठवड्यांतल्या जोरदार तीव्र नकारामागे (शरीराने अवयव नाकारण्यामागे) मुख्यतः हीच असते. पण या प्रवासी पेशी काही आठवड्यांत संपतात आणि नव्या येत नाहीत. लेचलर आणि बॅचलर यांनी १९८२ मध्ये उंदरांच्या किडनीत हे सुरेख दाखवलं. दात्याच्या या पेशी निघून गेलेली किडनी सहज टिकली, आणि त्याच वाणाच्या थोड्या डेंड्रायटिक पेशी सोबत टोचल्यावर तशीच किडनी पुन्हा नाकारली गेली.

दुसरी वाट आडवळणाची. रुग्णाच्या स्वतःच्या डेंड्रायटिक पेशी अवयवातला मरका माल गिळतात, दात्याच्या एचएलएचेही तुकडे करतात आणि ते तुकडे रुग्णाच्या स्वतःच्या एचएलए वर्ग दोनवर मांडतात. इथे परकं एचएलए हे नुसतं आणखी एक प्रथिन ठरतं. म्हणून या वाटेच्या टी पेशी सुरुवातीला कितीतरी कमी असतात, विषाणूच्या पेप्टाइडसाठी असतात तशाच. पण अवयव आहे तोवर माल येतच राहतो, त्यामुळे ही वाट कधी बंद होत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू चालणारा ऱ्हास बहुतांशी हिच्याकडे बोट दाखवतो.

दात्याविरुद्ध अँटिबॉडी बनण्यासाठी तर आडवळणाची वाटच लागते, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दात्याचं एचएलए पकडणारी बी पेशी रुग्णाची असते. ती पकडलेलं एचएलए आत घेऊन, त्याचे तुकडे करून, स्वतःच्या म्हणजे रुग्णाच्याच वर्ग दोनवर मांडते. तिला मदत करायला येणाऱ्या सीडी४ पेशीला तोच तुकडा त्याच चौकटीत ओळखता आला पाहिजे. थेट वाटेची टी पेशी इथे कामाची नाही, कारण तिला दात्याचं अखंड एचएलए लागतं आणि बी पेशीवर ते मांडलेलं नसतं. तेव्हा रोपणानंतर काही वर्षांनी दात्याविरुद्ध नवी अँटिबॉडी सापडली, तर त्याआधी आडवळणाच्या टी पेशी जाग्या झालेल्या आहेत हे गृहीत धरायला हरकत नाही. अशा वेळी बरेचदा असं आढळतं, की रुग्णाने औषधं अनियमित घेतली किंवा डोस फार कमी केला गेला.

तिसरी वाट मधली. दात्याच्या पेशींतून सुटणारे सूक्ष्म कण दात्याचं अखंड एचएलए पाठीवर घेऊन रुग्णाच्या डेंड्रायटिक पेशीला चिकटतात. मग एकच पेशी दोन्ही गोष्टी दाखवते, वरून दात्याचं अखंड एचएलए आणि स्वतःच्या खाचेत त्याचे तुकडे. त्यामुळे आडवळणाच्या सीडी४ पेशी थेट वाटेच्या सीडी८ पेशींना मदत कशी पोचवतात, हे जुनं कोडं सुटतं. दोघी एकाच पेशीपाशी भेटतात. प्रवासी पेशी संपल्यावरही थेट ओळख सुरू राहते ती याचमुळे.

चिकटणं पुरेसं नाही

रिसेप्टरची पकड मुळात ढिली असते, विघटन स्थिरांक (जितका मोठा तितकी पकड ढिली) साधारण १ ते १०० मायक्रोमोलर, आणि एक भेट काही सेकंदांची. तेवढ्या वेळात सीडी४ किंवा सीडी८ सोबत आलेला एलसीके हा किनेझ रिसेप्टर संकुलातल्या आयटॅम नावाच्या दहा जागांवर फॉस्फेट लावतो, तिथे झॅप-७० हा दुसरा किनेझ येऊन बसतो आणि पुढची साखळी सुरू होते. भेट लवकर तुटली तर अर्धवट लागलेले फॉस्फेट उतरवले जातात आणि काहीच घडत नाही. किती वेळ चिकटून राहिलं यावर निकाल का ठरतो, ते इथे कळतं.

पण फक्त हा संकेत मिळालेली नवखी टी पेशी सुस्त पडते. तिला दुसरा संकेत लागतो, तिच्यावरच्या सीडी२८ या रेणूला डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी८० किंवा सीडी८६ ची साथ. आणि ती साथ डेंड्रायटिक पेशी धोक्याची चाहूल लागल्यावरच पुरेशी देते. दात्याचा मेंदूमृत्यू, बर्फातली साठवण, रक्तप्रवाह थांबून पुन्हा सुरू होताना झालेली इजा, हे सगळं ती चाहूल पुरवतं. त्यामुळे एचएलए तेवढंच न जुळणारं असूनही जिवंत दात्याची किडनी मृत दात्याच्या किडनीपेक्षा चांगली टिकते. तिसरा संकेत इंटरल्यूकिन-२ सारख्या सायटोकाइनचा (पेशींमधल्या निरोपाच्या प्रथिनाचा), तो विभाजनाला चालना देतो.

नकार रोखणारी औषधं याच पायऱ्यांवर बसतात. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस रिसेप्टरचा संकेत पुढे नेणारं कॅल्सिन्युरिन हे विकर अडवतात, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ चं जनुक चालू होत नाही. बॅसिलिक्सिमॅब इंटरल्यूकिन-२ च्या रिसेप्टरवर बसतं. सिरोलिमस त्यापुढचा विभाजनाचा निरोप अडवतं. मायकोफेनोलेट विभाजनासाठी लागणाऱ्या ग्वानिन न्यूक्लिओटाइडचा पुरवठा तोडतं. बेलाटासेप्ट सीडी८० आणि सीडी८६ ला झाकून दुसरा संकेत काढून घेतं. अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालेल्या या औषधावर किडनीचं काम चांगलं राहतं, पण सुरुवातीचे तीव्र नकार जास्त दिसले. स्मृती टी पेशींना सीडी२८ ची गरज कमी, हे त्याचं एक मोठं कारण. टॅक्रोलिमसबद्दल एवढंच सांगतो: पातळी पुढच्या गोळीच्या अगदी आधी घेतलेल्या रक्तात मोजायची असते. सकाळची गोळी घेऊन मग रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि डोस चुकीच्या दिशेने बदलला जातो. अझोल गटातली बुरशीवरची औषधं पातळी वर नेतात, रिफाम्पिसिन ती झपाट्याने खाली आणतं.

बशीत हे सगळं पाहायचं असेल तर

मिश्र लिम्फोसाइट चाचणी, म्हणजे दोन माणसांच्या टी पेशींसारख्या पांढऱ्या रक्तपेशी एकत्र वाढवून एकाच्या पेशींचा प्रतिसाद पाहणं, १९६४ पासून वापरात आहे आणि थेट वाट डोळ्यांनी पाहण्याचा याहून साधा मार्ग अजून नाही. हेपॅरिनच्या नळीत घेतलेलं रक्त सम प्रमाणात बफरने पातळ करायचं, १.०७७ घनतेच्या फायकॉल या द्रवावर अलगद ओतायचं आणि ४०० जी वर २० ते ३० मिनिटं फिरवायचं. यंत्राचा ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर थर ढवळला जातो. तापमान २० अंशांच्या आसपास हवं. फ्रिजमधून काढलेला थंड फायकॉल जास्त घन असतो आणि मधल्या थरात तांबड्या पेशी येतात. पहिल्यानंतरची धुलाई २०० ते २५० जी वर करायची, म्हणजे प्लेटलेट वरच्या द्रवातच राहतात. प्लेटलेट उरल्या तर त्यांतून सुटणारे घटक विभाजन दाबतात आणि निकाल खोटा कमी येतो.

प्रतिसाद देणाऱ्या (रुग्णाच्या) पेशी १ लाख, चिथावणाऱ्या (दात्याच्या) पेशी १ लाख, गोल तळाच्या ९६ खळग्यांच्या बशीत, एकूण २०० मायक्रोलिटर. गोल तळाचा फायदा असा, की पेशी खाली एकत्र येऊन भिडतात. माध्यम आरपीएमआय-१६४०, त्यात १० टक्के मानवी एबी सीरम. गाईच्या वासराचं सीरम टाळावं, मानवी टी पेशी त्याच्या प्रथिनांनाच प्रतिसाद देतात आणि पार्श्वभूमी वर चढते. चिथावणाऱ्या पेशींना साधारण ३० ग्रे विकिरण द्यायचं, म्हणजे त्या विभागणार नाहीत. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ५ ते ६ दिवस. शेवटचे १६ ते १८ तास ट्रिटियम लावलेलं थायमिडीन, दर खळग्याला १ मायक्रोक्युरी; विभागणाऱ्या पेशी ते डीएनएत घेतात आणि तेच मोजायचं. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं, तिथे फक्त बफर भरावा.

तुलनेचे खळगे नसतील तर आकड्याला अर्थ नाही. स्वतःच्याच विकिरण दिलेल्या पेशींबरोबर, तिसऱ्या असंबंधित माणसाच्या पेशींबरोबर, टी पेशींना सरसकट चेतवणारं पीएचए घालून, आणि विकिरण दिलेल्या पेशी एकट्या. शेवटच्या खळग्यात मोजणी वर आली तर विकिरण कमी पडलं. दात्याला प्रतिसाद नाही, पण तिसऱ्या माणसाला आहे, तर ते अर्थपूर्ण. दोघांनाही नाही आणि पीएचएलाही नाही, तर पेशीच मेलेल्या आहेत किंवा रुग्णाच्या औषधांनी दबलेल्या आहेत.

थायमिडीनऐवजी सीएफएसई रंग वापरला तर प्रत्येक विभाजनाला चमक निम्मी होते आणि सीडी४, सीडी८ वेगळे मोजता येतात. मात्र १ ते ५ मायक्रोमोलरच्या वर गेलं तर रंगच पेशी मारतो. आणि एक चूक अगदी नेहमीची: सहाव्या दिवशी ४० टक्के पेशी विभागलेल्या दिसल्या म्हणून ४० टक्के पेशी दात्याविरुद्ध होत्या असं म्हणणं. एका पेशीच्या पाच विभाजनांनी ३२ होतात. प्रत्येक पिढीतली संख्या २ च्या त्या घाताने भागून मूळ पेशी काढायच्या. तसं केलं की आकडा परत त्या १ ते १० टक्क्यांच्या घरात येतो.

ही चाचणी नवख्या आणि स्मृती पेशी वेगळ्या दाखवत नाही, आडवळणाची वाट तर जवळजवळ दिसतच नाही. स्मृती पेशींसाठी इंटरफेरॉन-गॅमाची एलिस्पॉट चाचणी बरी, तिच्यात स्रवणारी प्रत्येक पेशी बशीत एक ठिपका उमटवते. ती २४ तासांत होते आणि एवढ्या वेळात नवखी पेशी काही स्रवत नाही. पण तिथे दात्याच्या पेशींतून टी पेशी आधी काढून टाकाव्या लागतात. विकिरणाने विभाजन थांबतं, स्राव थांबत नाही. दात्याच्या टी पेशींनी उलट दिशेने सोडलेलं इंटरफेरॉनही त्याच बशीत ठिपका उमटवतं.

जुळणी पूर्ण असूनही

एचएलएची जनुकं एकमेकांना खेटून असल्याने सहसा एकत्रच पुढे जातात. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्के, अर्ध्या जुळणीची ५० टक्के, काहीच न जुळण्याची २५ टक्के. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची किडनीसुद्धा औषधांशिवाय सहसा टिकत नाही. टी पेशी एचएलएसोबत पेप्टाइडही वाचतात, आणि भावंडांच्या बाकीच्या प्रथिनांत एखाद्या अमिनो आम्लाचे फरक असतातच. एचए-१ हे असाच फरक असलेलं एक प्रथिन. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरची प्रथिनं तर स्त्रीच्या थायमसला ठाऊकच नसतात. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं किडनी रोपण औषधांशिवाय टिकलं, कारण ती एकाच बीजाची जुळी भावंडं होती. त्यांच्यात पेप्टाइडचाही फरक नव्हता. यकृताच्या रोपणात एचएलए जुळणीला फारसं महत्त्व देत नाहीत, यकृत टी पेशींना बरंच सहन करायला लावतं.

टी पेशींचा हल्ला झाला आहे का, हे किडनीत शेवटी बायॉप्सीच सांगते. रक्तातलं क्रिएटिनिन उशिरा वाढतं आणि इतर कारणांनीही वाढतं. नमुन्यात निदान १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे गुच्छ) आणि २ धमन्या हव्यात. बायॉप्सी वाचण्याच्या बॅन्फ वर्गीकरणात मुख्यतः दोन गोष्टी मोजतात. सूज कॉर्टेक्सच्या (किडनीच्या बाहेरच्या थराच्या) किती भागात पसरली (२५ टक्क्यांच्या वर गेली तर गांभीर्याने घ्यायची), आणि मूत्रनलिकेच्या एका काटछेदात किती लिम्फोसाइट घुसले. ५ ते १० असतील तर दुसरी पायरी, १० च्या वर तिसरी. धमनीच्या अस्तराखाली लिम्फोसाइट शिरलेले दिसले तर नलिका कशाही असोत, नकाराचा प्रकार दुसऱ्या श्रेणीत जातो. नलिकेच्या भिंतीत घुसलेल्या या पेशींत मोठा वाटा सीडी८ चा असतो. त्या परफोरिनने भोक पाडून ग्रॅन्झाइम आत सोडतात.

अस्थिमज्जेच्या रोपणात दिशा उलटते. तिथे दात्याच्या टी पेशी येतात आणि रुग्णाची कातडी, आतडं आणि यकृत त्यांना परकं असतं. ओळखीचे नियम तेच. अर्धी जुळणी असलेल्या दात्याचं रोपण फार धोक्याचं मानलं जायचं, ते आता सर्रास होतं, आणि त्यामागे या ओळखीच्या वेळापत्रकाचा सरळ उपयोग आहे. रोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात, रोज किलोमागे ५० मिलिग्रॅम. तोवर रुग्णाला परकं मानणाऱ्या टी पेशी जोरात विभागू लागलेल्या असतात, म्हणून औषधाचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो. विषाणूंविरुद्धच्या शांत पेशी बऱ्याच वाचतात. रक्ताच्या मूळ पेशी आणि नियामक टी पेशी अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज या विकराने औषध निकामी करतात. हा फटका विभागणाऱ्या पेशींनाच बसावा म्हणूनच टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट पाचव्या दिवसापासून सुरू करतात, आणि त्याआधी उलटी थांबवण्यासाठीसुद्धा स्टेरॉइड देत नाहीत. त्यांनी विभाजन थांबलं असतं, तर ज्या पेशी मरायला हव्यात त्याच वाचल्या असत्या.